डेडस्टॉकात न बसणारी जिवंत वस्तू

संपादक महोदय,

भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याच्या बातम्या अधूनमधून वाचते. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी उभारलेला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे, हे सगळे छापून येते. पेंढ्यातल्या सेल्युलोजची (कापूस, कागद यांतही असणाऱ्या तंतुद्रव्याची) साखर करणारी एन्झाइम्स मुळात कुठून आली, ते मात्र राहून जाते. एकोणतीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे, तेव्हा तेवढे मी सांगते.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैनिकांचे तंबू नि कपडे भराभर कुजत होते. ही कूज थांबवायची म्हणून बुरशींचे नमुने गोळा झाले. त्यात बोगनव्हिल बेटावरची एक ट्रायकोडर्मा होती. सैन्याच्या प्रयोगशाळेतले एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे तिलाच कामाला लावले. सुती कापड खाणारी बुरशी रद्दी आणि पेंढा का खाणार नाही? १९७७ मध्ये तिला रीझ यांचेच नाव मिळाले, ट्रायकोडर्मा रीझी. (कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळते ती हिची चुलत बहीण.) आज कारखान्यांत सेल्युलेजसाठी, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइम्ससाठी, वाढवले जाणारे रीझीचे वाण त्या एका नमुन्याचे वंशज आहेत. २००८ मध्ये तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की सेल्युलोज फोडणारी जनुके तिच्याकडे इतर कित्येक बुरशींपेक्षा कमीच आहेत! म्हणजे आपल्या रानात पालापाचोळ्याखाली काय काय पडले असेल, विचार करा.

मी तो केला होता. राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवरून विद्यार्थ्यांबरोबर कुजकी लाकडे, पाचट, गव्याच्या शेणाचे नमुने आणून एक्केचाळीस बुरशी वेगळ्या केल्या. एका पडक्या उंबराच्या खोडावरची तर अशी की नळीतली गाळणकागदाची पट्टी आठव्या दिवशी तुटून तळाशी लगदा. दर सहा महिन्यांनी प्रत्येकीला नळीतल्या ताज्या आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) हलवायचे, बस्स, एवढीच त्यांची बडदास्त.

मी निवृत्त झाले तेव्हा सूक्ष्मदर्शक, बीकर, अगदी मोडका स्टूलसुद्धा डेडस्टॉक रजिस्टर (कॉलेजच्या वस्तूंची नोंदवही) समोर ठेवून मोजून घेतला. स्लँट, म्हणजे बुरशी वाढवलेल्या आगरच्या नळ्या, कुणी मोजल्या नाहीत, कारण जिवंत वस्तूला त्या रजिस्टरात रकाना नाही. पुढच्या मे महिन्यात फ्रिज बंद पडला आणि दिवाळीत मी सहज गेले तेव्हा 'जुने कल्चर' म्हणून सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून), धुऊन, ओळीने पालथ्या घातलेल्या होत्या. मुलींनी नळ्या फार स्वच्छ धुतल्या होत्या, त्यांना काय बोलणार? तो उंबरही रस्ता रुंद करताना गेला.

चूक माझीही आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, जिवाणूंसाठीही पुण्यातच राष्ट्रीय केंद्र आहे. मी माझ्या बुरशींचे जोडनमुने (दुसरी प्रत) वेळेवर तिथे पाठवायला हवे होते. 'यंदा नको, पुढच्या वर्षी' करत राहिले. विद्यापीठांनी निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या 'ना-देय' दाखल्यावर एक ओळ वाढवावी: कल्चर संग्रहात जमा केले की नाही. ग्रंथालयाचे एक पुस्तक राहिले तर तो दाखला अडतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

– एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर