घरातलं घरात मिटवू, असं तिला म्हणू नका

संपादकसाहेब,

मी वडोदऱ्यात फतेगंजला राहते, लहानपणापासून चर्चला जाते. मागे आमच्या मंडळीत एका मुलीने एका पुढाऱ्याच्या गैरवर्तनाची तक्रार केली तर मीटिंगमध्ये लगेच सुरू झालं, घरातलं घरात मिटवू, प्रभूच्या नावाची बदनामी होते. ती पोरगी खाली मान घालून रुमालाची घडी घालत होती, परत उलगडत होती, मला अजून दिसतं ते.

बायबलमध्ये तामारवर सावत्र भावाने बलात्कार केला तेव्हा सख्ख्या भावानेही तिला हेच सांगितलं की गप्प राहा, आणि बाप दावीद राजा नुसता संतापला, केलं काहीच नाही, मग दोन वर्षांनी घरात खूनच पडला ना!

हो, खोटा आरोपही होतो, बायबलमधलाच योसेफ मालकाच्या बायकोच्या खोट्या आरोपापायी तुरुंगात गेला, म्हणून व्हॉट्सॅपवर कुणाला गुन्हेगार ठरवणंही मला पटत नाही. बायबलमध्येच प्रेषित पौल आपल्या साथीदाराला, तीमथ्याला, पत्रात सांगतो की वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको, पण आमचे लोक इथेच थांबतात, पुढच्याच ओळीत पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष दे असं आहे ते कुणी वाचतच नाही.

कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती हवी, ट्रस्टलासुद्धा. आमच्याकडे नोटीस बोर्डावर फक्त भजनाचं टाइमटेबल आहे.

— एक वाचक, फतेगंज, वडोदरा