सुऱ्या, अंगणाचं तूच सांग

सोलापूर
श्रावण, शनिवार रात्र

प्रिय सुऱ्या,

परवा आमच्या मागच्या अंगणात घोणस निघाली. फोन केला असता तर "पेटवून दे की बे" म्हणून तू मोकळा झाला असतास. मला तुला सगळं सांगायचंय, म्हणून लिहितोय. तात्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा बरा.

नवं घर तू पुढूनच पाहिलंस. मागच्या जागेत कित्येक वर्षं कुणी पाऊल टाकलेलं नाही. कंपाउंडला लागून वेडी बाभूळ, तिच्याखाली पडक्या विटांचा ढीग, आणि बाकी सगळीकडे कमरेएवढं गाजर गवत. कोपऱ्यात एक कडुलिंब आणि एक रुई, तेवढीच काय ती आपली माणसं. चिंगीचा चेंडू विटांकडे गेला, ती आणायला निघाली, आणि सुनंदाला कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. तिनं पोरीला मागच्या मागे ओढलं. सर्पमित्रानं घोणस बरणीत घेतली, तेव्हा पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी स्पष्ट दिसल्या. मला एकदम सिव्हिलचा व्हरांडा आठवला. आत साप चावलेला तुझा भाऊ पक्या, बाहेर तुझी आई, आणि भिंतीला टेकून तू.

तेव्हापासून घरात एकच घोषा: जेसीबी बोलवा, फूटभर माती काढा, मुरूम टाका, वर पेव्हर ब्लॉक. मेहुणे, शेजारचे अण्णा, तात्यासुद्धा त्याच बाजूला. सुनंदाच्या भीतीपुढे मी काय बोलणार? पोर तिची आहे तशी माझीही आहे.

पण सुऱ्या, घोणस मातीसाठी आली नव्हती रे. विटांत उंदीर होते, उंदरांमागे ती आली. ढीग हलवायचा, बिळं बुजवायची, भिंतीलगत गवताची काडी ठेवायची नाही. हे करायलाच हवं, आणि गमबूट घालून, भर दुपारी, काठी आपटत करायला मी तयार आहे. त्यासाठी काळी माती का फेकायची? आपल्याकडे पाऊस तो केवढा, साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी गंगेत घोडं न्हालं. तेवढं पाणी धरून ठेवते ती हीच माती. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला की पेव्हर ब्लॉकवर कडुलिंबसुद्धा करपेल.

आणि खरवडलेल्या जागेत सगळ्यात आधी कोण उगवतं? गाजर गवतच. 1955च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेत आलेलं हे रोपटं सगळ्या देशभर गेलं ते असल्या उघड्या जागा धरतच. एकेका झाडाचं हजारो बी, ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आत्ता पावसानं जमीन मऊ आहे, फुलाआधी मुळासकट उपटलं तर हातासरशी येतं. हातमोजे मात्र हवेत, तोंडाला फडकं हवं, नाहीतर खाज आणि शिंका. बाभळीचं वेगळं. ती नुसती तोडली की दुप्पट फुटते, खोडाचा गड्डा टिकावानं खणूनच काढावा लागतो. तिचा काटा चपलेतून आरपार जातो, हे तुला मी काय सांगू!

काल पानं उलटून बघत बसलो होतो. गाजर गवतावर छोटे भुंगे, पिवळट पाठीवर काळ्या वेलांट्या, आणि पानांची नुसती चाळण. मेक्सिकन भुंगे ते. 1984 साली बंगळुरूला मुद्दाम सोडले होते, त्यांचाच गोतावळा. उन्हाळाभर ते मातीत दडून राहतात आणि पहिल्या पावसाला वर येतात. म्हणजे माती गेली की फुकटचे मजूरही गेले!

तुला मिलमागचं मैदान आठवत असणार. पक्या वाचला आणि दुसऱ्याच दिवशी तू रॉकेल ओतून ते पेटवलंस. मी तुला नाही नाही ते बोललो, त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेतही आपण एकमेकांना टाळलं. तुझा राग खरा होता, भावाचा जीव टांगणीला लागला होता. पण पुढच्या पावसात तिथं नुसतं गाजर गवत माजलं, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. पक्या आता एकटा चार माणसांचं जेवतो, त्याला कसलं विष चढतंय!

रियाच्या दहावीचं काय झालं? वहिनींची बदली रद्द झाली का? शेंगाचटणी पार्सल करतोय, या वेळी तिखट कमी आहे.

आता मुद्दा. जेसीबीवाला पुढच्या रविवारी येतोय. सुनंदा म्हणाली, "सुरेशभावजींच्या घरात हे घडलंय, ते म्हणाले तर मी थांबते." बाकी कुणाचं ती ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. तेव्हा नीट विचार करून दोन ओळी लिही, मला त्या तिच्या हातात द्यायच्यात. माझ्याकडून बोलू नकोस, पक्याचा भाऊ म्हणून लिही. माती काढावी असं तुला खरंच वाटत असेल तर तसंच लिही. मी जेसीबीला आत घेईन, फक्त कडुलिंबाच्या बुंध्याभोवती दोरी बांधून ठेवीन.

पत्र गुरुवारपर्यंत पोचायला हवं. कुरिअरनं पाठव.

तुझा,
बाळ्या