आषाढीचे शिंदे वेगळे आणि जयंतीचे वेगळे का हो?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब होणार हे आधीच सांगतो, कापायचं तर मधलं कापा पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

परवा आमच्या इथल्या चहाच्या टपरीवर दोन पोरांचं भांडण लागलं. भांडण मॅचवरून नाय, राजकारणावरून पण नाय, गायक प्रल्हाद शिंदेंवरून. टपरीवाल्यानं आषाढी जवळ आली म्हणून त्यांचं ते ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गाणं लावलं होतं. एक पोरगं म्हणालं, हे खरे वारकरी, आतून माळकरी असल्याशिवाय असा आवाज येतच नाय. दुसरं लगेच उसळलं, का बे, माळकरी कुठले, ते आमचे, बौद्ध माणूस होता तो, देवाची गाणी पोटासाठी म्हणली, खरा गळा ऐकायचा तर भीमगीतं ऐक. मग काय, टपरीवरचे चार म्हातारे दोन पार्ट्यांत वाटले गेले आणि चहा गार झाला. मजा अशी की दोन्ही पोरं बघायला गेलं तर दादा, म्हणजे प्रल्हाद शिंदे, गेल्यानंतर जन्मलेली. दादा गेले २३ जून २००४ ला. त्याच्या आधीच्याच महिन्यात भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक गेले होते, तो उन्हाळा आमच्यासारख्या कॅसेटवाल्यांना अजून आठवतो.

हो, मी कॅसेटवाला. सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, गिऱ्हाईक बघून मोडकं कानडी. १९८७ पासून पुढं सतरा वर्षं माझं कॅसेट विकायचं आणि भरून द्यायचं दुकान होतं. भरून द्यायचं म्हणजे गिऱ्हाईकानं यादी आणायची, मी साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून द्यायची. कायद्यात ते बसत नव्हतं, माहितीय, पण तेव्हा गल्लोगल्ली हाच धंदा होता. आता मंडपाला साऊंड भाड्यानं देतो. तर या सगळ्या वर्षांत मी एकाच माणसाचा आवाज पूजेला, लग्नाला, आंबेडकर जयंतीला, उरुसाला, गणपतीला, सगळीकडं लावलाय, आणि कोण काय समजून ऐकतंय ते काउंटरच्या पलीकडून बघितलंय. म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट अशी की गिऱ्हाईक शिंदेंचं नाव घ्यायचंच नाय. कोण म्हणायचं ते सत्यनारायणाची कथा सांगणारे द्या, कोण म्हणायचं जयंतीवाले द्या, कोण म्हणायचं कव्वालीवाले. मी तिघांच्या हातात एकाच माणसाची कॅसेट ठेवायचो. फोटो बघून तिघं पण म्हणायचे, हां, हेच.

आणि आडनाव शिंदे! शिंदे म्हणजे काय समजायचं ते ज्याचं त्यानं समजावं, मराठ्यांत शिंदे, धनगरांत शिंदे, महार समाजात शिंदे, आणि सोलापुरात तर शिंदे म्हणलं की आधी सुशीलकुमारच डोळ्यासमोर येतात. एकदा एका घरी वास्तुशांतीला साऊंड लावायला गेलो होतो, तिथल्या काकूंनी विचारलं, हे कथा सांगणारे बुवा कुठले हो, किती सोवळ्यातला आवाज आहे. मी म्हणलं मंगळवेढ्याचं घराणं, शिंदे. काकू म्हणल्या, हां, म्हणजे आपल्यातलेच. मी पुढं काय बोललो नाय. बिल यायचं होतं. आता वाटतं बोलायला पाहिजे होतं, कारण त्याच घरात गड्याचा चहाचा कप वेगळा ठेवलेला मी त्याच दिवशी बघितला होता, खिडकीत, उलटा. आवाज देवघरात आणि कप खिडकीत. त्या कपाचं मला आजपण आठवलं की तोंड कडू होतं.

आमची अव्वा, म्हणजे वडिलांची आई, तिला मराठी फक्त बाजारापुरतं यायचं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची आणि शेजारी टेप चालू. पंढरीचं गाणं लागलं की तिचा हात थांबायचा. मी विचारलं, अव्वा, काय कळतंय तुला? ती म्हणली, कोणीतरी घर सोडून चाललंय. आता ती स्वतः तेलंगणातून लहान वयात लग्न होऊन इकडं आलेली, मागाच्या आवाजात जन्म गेला. विठ्ठल वगैरे तिच्या गाण्यात नव्हताच. तिच्या गाण्यात फक्त निघालेला माणूस होता. चूक म्हणायचं का तिला? मला तर नाय म्हणवत.

शेजारी एक मामा होते, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, पैसे अडकले ते अडकलेच. ते माझ्या दुकानात येऊन हेच गाणं लावायला सांगायचे, आणि त्यात जिथं भाकरीच्या रिकाम्या ताटाचं कडवं येतं तिथं हाताने खूण करायचे, परत लाव. बटण मागं दाबून दाबून माझ्याकडची ती कॅसेट त्या जागी घासली, आवाज थरथरायला लागला. साहेब, लोक ते भक्तिगीत म्हणून ऐकतात पण शब्द नीट ऐकून बघा, त्यातला माणूस मोक्ष मागायला निघालेला नाय. घरात दारिद्र्य आहे, ताट रिकामं आहे, सगेसोयरे पाठ फिरवतात, म्हणून तो वाट धरतो. मामा माळकरी नव्हते, लाल बावट्याचे होते, देवाला जाताना कधी बघितले नाय. पण त्यांचं म्हणणं, हे गिरणी कामगाराचं गाणं आहे, विठ्ठलाचं नाव नुसतं वरून आहे. त्याच दुकानात उभे राहून एक टाळकरी आजोबा त्यांना म्हणाले, अहो, ताट रिकामं झाल्याशिवाय त्याची आठवण कुणाला येते? दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मी मधे पडलो नाय, गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

आणि एक चाचा होते, बाजाची पेटी दुरुस्त करणारे. त्यांचं तिसरंच. ते म्हणायचे, तू शब्द सोड, सूर ऐक, वरच्या पट्टीत गेल्यावर आवाज कसा फेकतो बघ, हा भजनी बुवा नाय, हा कव्वाल आहे. तेव्हा मला वाटायचं चाचा आपल्याकडं ओढायलेत. पण नंतर कळलं की दादा तरुणपणी इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला गायचे. हे आझाद म्हणजे तेच, १९५८ च्या पिक्चरमधली हुस्नवाल्यांची कव्वाली गाजवणारे. म्हणजे चाचा बरोबर होते. तेव्हापासून मला विठ्ठलाच्या गाण्यात टाळी ऐकू येते, टाळ कमी.

आता टपरीवरच्या त्या दुसऱ्या पोराचं. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाय, बरं का. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्या काहीतच ब्रह्मा विष्णू महेश, राम कृष्ण, गौरी गणपती यांना देव मानणार नाही असं स्पष्ट आहे. मग त्याच समाजातला माणूस गणपतीला सुखकर्ता म्हणतो, सत्यनारायणाची कथा गातो, हे त्या पोराला टोचणारच. माझ्याकडं बुधवार पेठेतले एक मास्तर यायचे, ते जयंतीची यादी आणायचे आणि बजावायचे, यात देवाचं एक पण गाणं येऊ देऊ नका. आणि पैसे देता देता हळूच विचारायचे, ते पंढरीचं आहे का वेगळ्या कॅसेटवर? घरी आईला पाहिजे म्हणायचे. आईला पाहिजे का मास्तरांना, देव जाणे. म्हणजे बघा, माझ्या पण तोंडात तोच शब्द आला.

त्याच मास्तरांनी मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरलो नाय. ते म्हणाले, पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, असं खुद्द बाबासाहेब १९५४ साली देहूरोडला बोलले होते. म्हणजे ज्याला ते गाणं ऐकायचंय त्याला तशी पण वाट आहे, शब्द तेच ठेवून विटेवरचा माणूस बदलायचा. आणि त्यांनीच सांगितलं की १९४८ च्या एका इंग्रजी पुस्तकाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना लिहिलीय. चोखोबा कुठले? मंगळवेढ्याचे. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम अंगावर पडून गेले आणि समाधी पंढरपुरात देवळाच्या दारात, बाहेर. आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. आता ज्या घराण्याचं मूळ मंगळवेढं आहे त्यातला माणूस पंढरीच्या वाटेचं गाणं गातो, तेव्हा ते नुसतं पोटासाठी आहे असं त्या पोरानं छातीवर हात ठेवून सांगावं. आणि नुसती भक्तीच आहे, बाकी काय नाय, असं पहिल्यानं पण सांगावं. मला दोघांचं पण पटत नाय. दादांच्या मनात काय होतं ते आता कोण सांगणार, आणि पोटासाठी गायलं असलं तरी काय बिघडलं, मी पण पोटासाठीच कॅसेट भरत होतो, म्हणून काय मला गाणं आवडत नव्हतं का?

अजून एक गंमत. हे गाणं दादांनी लिहिलेलंच नाय. शब्द दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची. पण सतरा वर्षांत एक पण गिऱ्हाईकानं ते मला विचारलं नाय. आपण काय करतो, गाणाऱ्याची जात काढतो, धर्म काढतो, आणि मग लिहिणाऱ्यानं लिहिलेल्या शब्दांचा अर्थ त्या जातीवरून लावत बसतो. ज्यानं रिकामं ताट लिहिलं त्याच्या घरची चौकशी कुणी करत नाय.

बार्शीच्या शाहीर अमर शेखांचं तेच. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवलं. आमच्या एका पाहुण्याला वाटायचं अमर हे नाव आणि शेख हे आडनाव म्हणजे दोन वेगळे शाहीर, जोडी आहे, शंकर-जयकिशनसारखी! हसू नका, बीए झालेला माणूस आहे.

आता विनंतीचं. साहेब, आषाढी आली की पेपरात प्रल्हाद शिंदेंवर लेख येतो, त्यात टाळ, मृदंग, माउली, भक्तिरस सगळं असतं आणि भीमगीताचा एक शब्द नसतो. १४ एप्रिल आली की परत लेख येतो, त्यात चळवळ असते, निळा झेंडा असतो आणि विठ्ठलाचा उल्लेख पुसलेला. कव्वालीचं तर दोन्हीकडं नाव नाय. तुमच्याच पेपरात असं होतं असं नाय, सगळेच करतात, पण मी तुमचा वाचक म्हणून तुम्हाला लिहितो. दोन्ही कात्रणं माझ्याकडं आहेत, शेजारी शेजारी ठेवली तर वाटतं दोन जुळे भाऊ होते. मग टपरीवरची पोरं भांडणारच, त्यांना तुम्ही अर्धा अर्धाच माणूस दिलाय.

येत्या २३ जूनला पुण्यतिथी आहे. शेगावची पालखी सोलापुरातून मंगळवेढ्याच्या वाटेनं पंढरपूरला जाते, ते दिवस पण त्याच सुमाराचे असतात, जागा कमी पडते हे समजू शकतो. चार कॉलम नको, एकच द्या, पण त्या एका कॉलममध्ये इस्माईल आझाद, जयंतीचा स्टेज आणि पंढरीची वाट तिन्ही येऊ द्या. काकूंना पण तो वाचू दे, मास्तरांना पण. फोटोखाली नुसतं भक्तिगीत गायक असं लिहू नका, नुसतं भीमगीत गायक असं पण नको, गायक एवढं पुरे. आणि त्या गाण्याचा उल्लेख आलाच तर कंसात दत्ता पाटील आणि मधुकर पाठक यांची नावं टाका. जुन्या कॅसेटची कव्हरं माझ्याकडं आहेत, नावं तपासायला लागली तर माणूस पाठवा, दुपारी चारच्या पुढं मी गोडाऊनवरच असतो, कर्णे पुसत.

आपला,
एक जुना कॅसेटवाला
पूर्व भाग, सोलापूर