कमांड लाईन शिकवायला नेटचं कारण नका सांगू

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की पेपरात कॉम्प्युटर कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. टायपिंग, टॅली, फोटोशॉप, अन क्लासवाला जास्तच पुढारलेला असला तर क्लाउड (नेटवरून भाड्यानं वापरायचे कॉम्प्युटर). जाऊन पाहिलं तर क्लाउड म्हंजे एका वेबसाइटवर लॉगिन करून बटण दाबायचं दाखवतात अन सर्टिफिकेट हातात देतात. लिनक्सच्या (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) कमांडी काऊन नाही शिकवत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भाऊ, आपल्या इकडं नेट कुठं चालते?" मी आर्णी तालुक्यातल्या एका गावात बसून हेच काम करून राहिलो, शहरातल्या लोकांचे व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळतो, म्हणून सांगतो की नेट कमजोर आहे म्हणूनच कमांड लाईन, म्हंजे माऊस सोडून नुसतं टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम देणं, शिकवा.

व्हर्च्युअल सर्व्हर काय असते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक दणकट कॉम्प्युटर असते अन त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं पाडलेली दहा-वीस मशीन, जसे एकाच वावरात धुरे टाकून भावाभावांचे हिस्से, ज्याचं पीक त्याचं, विहीर मात्र सामाईक, एकानं पाणी जास्त ओढलं की बाकीचे बोंबलतात. हे हिस्से पाडणारं सॉफ्टवेअर, केव्हीएम, 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) येते, लायसनचे पैसे नाहीत. माऊसनं चालवायचं पॅनल उघडलं की ग्राफ, चित्रं, कायकाय लोड होत बसते, अन आमच्या टॉवरवर ते गोल फिरत राहते. एसएसएचवर, म्हंजे दूरच्या सर्व्हरवर कुलूपबंद वाटेनं कमांडी टाकायच्या सोयीवर, नुसती अक्षरं जातात-येतात, टूजीवरही काम होते. फिनलंडच्या तातू युलोनेननं 1995 मध्ये ते बनवलं, त्याच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून राहिलं होतं म्हणून. लॅपटॉपची बॅटरी बसली तर मी मोबाईलवर टर्मक्स हे कमांडी टाकायचं अॅप उघडून तेच काम करतो, फक्त कीबोर्ड बारीक पडतो.

आता विजेच्या लाईनीचं. इकडं लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो, अन तेव्हाच सर्व्हरवर अपडेट चालू असते. साध्या कनेक्शनवर असले तर अपडेट मधातच तुटते, मग अर्धवट अपडेट पुरं करायची कमांड, डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मारून निस्तरत बसा. म्हणून आधी टीमक्स, म्हंजे आपण तुटलो तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारा प्रोग्राम, लावायचं, मग कामाला हात घालायचा. नेट गेलं तरी तिकडं काम चालूच राहते, आपण जेवून या, टॉवर आला की टीमक्स अटॅच टाका, स्क्रीन जशीच्या तशी समोर. पॅनलवर बटण दाबल्यावर नेट गेलं तर आत काय झालं काय नाही, पुन्हा लॉगिन होईपर्यंत तोंड पाहत बसा.

अन कमांड लाईन धोक्याची आहे, पोट्टे सर्व्हर उडवतील म्हणतात, ते मात्र अर्धं खरं आहे. व्हर्च्युअल मशीन सांभाळायची कमांड म्हंजे विरश. विरश लिस्ट --ऑल टाकलं की सगळ्या मशीनची यादी येते, कोण रनिंग, कोण शट ऑफ. विरश शटडाऊन म्हंजे सांगून बंद करणं, मशीन ऐकतही नाही कधीकधी. विरश डिस्ट्रॉय म्हंजे सरळ वायर उपटणं, डिस्क तशीच राहते, चालू असलेलं काम मात्र जाते. खरा घात अनडिफाइनला (मशीनची नोंद पुसायची कमांड) --रिमूव्ह-ऑल-स्टोरेज जोडल्यावर होतो, त्यात डिस्कही जाते, बॅकअप नसला तर संपलं. हे आधी खेळायच्या मशीनवर करून पाहू दिलं पाहिजे. एसएसएचच्या चाव्यांचंही, म्हंजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या फायलींचंही, तसंच. पासवर्ड लॉगिन बंद करताना जुनी खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून चावीनं आत जाता येते का ते पाहायचं, मगच जुनी बंद करायची. हे बटणवाल्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

अन शिकवायला नेट लागतेच कुठं? क्लासमधलं एखादं जुनं डेस्कटॉप, रॅम आठ जीबी असली तरी बास, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं, लिनक्स टाकायचं, अन त्यात डेस्कटॉप नसलेले चार बारीक सर्व्हर आरामात उभे राहतात. पोट्ट्यांनी उडवले तर स्नॅपशॉटवरून, म्हंजे आधी जपून ठेवलेल्या स्थितीवरून, परत उभे करा, सगळं त्याच खोलीत, बाहेरच्या नेटशी संबंध नाही. आयटीआयमध्ये कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड आहेच, मशीनही आहेत, प्रॅक्टिकलला एवढं घेतलं तरी पुष्कळ.

हे शिकलं की लगेच नोकरी लागते असं काही मी म्हणत नाही, उलट रात्री-बेरात्री फोन येतात अन इन्व्हर्टर घ्यावाच लागते. पण पुण्याला खोलीचं भाडं भरून जे काम करायचं त्यातलं बरंचसं इथून होते, अन कास्तकाराच्या घरी एक पगार आला तर दुबार पेरणीला सावकार पाहावा लागत नाही.

आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही क्लासवाल्यानं मशीन दिलं तर लिनक्स अन चार सर्व्हर मी फुकट टाकून देतो, फक्त सोयाबीन सोंगणीच्या दिवसात नका बोलावू.

आपला वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ