पोटात पाणी झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या थोरल्या भावाच्या पोटात पाणी झालं, तेव्हा ‘लिव्हर गेलंय, घरी न्या’ एवढंच सांगून एका रुग्णालयाने आमची बोळवण केली. भाऊ दारूला कधी शिवला नाही, तरी गावाने दारूच ठरवून टाकली. निघालं हेपटायटिस बी, म्हणजे लिव्हर खराब करणाऱ्या विषाणूचा आजार. त्या विषाणूला दाबणारी टेनोफोविरची गोळी रोज एक अशी सुरू झाली. २०१८ साली सुरू झालेल्या हेपटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांवर मोफत मिळते, हे आम्हाला दुसऱ्या एका पेशंटच्या मुलाकडून कळलं!

वहिनी रोज सकाळी शिलाईच्या टेपने भावाच्या पोटाचा घेर मोजायची आणि वजनासोबत कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायची. नव्या डॉक्टरांनी आधी ते कॅलेंडरच मागून घेतलं. मग अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) यांचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. एका रिपोर्टवर जाऊ नका, आकडे कुठे चाललेत ते बघा, असं ते म्हणाले.

लिव्हर सावरलं कधी म्हणायचं, याचे निकष २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवले आहेत. मूळ कारण आटोक्यात हवं. लघवीच्या गोळ्या बंद करूनही पाणी भरायला नको, भ्रमावरचं औषध बंद करूनही भ्रम व्हायला नको, वर्षभर रक्ताची उलटी नको आणि रक्तातले हे तीन आकडे सुधारून टिकायला हवेत. यातलं बहुतेक साध्या रक्ततपासणीत, सोनोग्राफीत आणि घरच्यांच्या नजरेत कळतं.

लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनबद्दल मात्र कळकळीने सांगतो. तपासणी चांगली, सुई नाही की भूल नाही. पण पोटात पाणी असताना ती धड होत नाही. कावीळ असली, लिव्हरला सूज असली किंवा नुकतंच जेवण झालं असलं, तरी आकडा फुगतो. आमच्याकडून ऐन पाण्यातच तिचे पैसे घेतले गेले, आणि तो आकडा बघून आईने दोन दिवस अन्न सोडलं.

आज चौदा महिने झाले, भावाला लघवीची गोळी लागलेली नाही. टेनोफोविर चालूच आहे. कॅन्सरचा धोका संपत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही करतो.

२८ जुलैला जागतिक हेपटायटिस दिन असतो. त्या दिवशी आपल्या पुरवणीत हे निकष सोप्या मराठीत, कापून फाइलला लावता येतील असे छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा