स्टोरी बघून फोन कुणाला करायचा

रत्नागिरी,
शिमग्यानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

उत्तराला उशीर झाला. पालख्या, मग परीक्षा, आणि त्यात हे प्रकरण.

आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने रात्री भाट्याच्या किनाऱ्यावरून इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली. हातात रमची बाटली, मागे काळोख. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी स्टोरी: "रात्रीचं कायच आठवत नाय." खाली पोरांचे बदाम. माझ्या पोटात गोळा आला. तूच सांगितलं होतंस ना, अशा वेळी माणूस चालतो-बोलतो, पण मेंदू आठवण नोंदवतच नाही. अशा अवस्थेत तो पाण्यात किती आत गेला होता, कोण सांगणार?

गेल्या वर्षी अशाच एका स्टोरीचा स्क्रीनशॉट मी थेट त्या मुलाच्या वडिलांना पाठवला. ते रातोरात एसटीने आले, सगळ्यांसमोर मुलाला मारलं. त्याने मला ब्लॉक केलं, बाकीच्यांनी स्टोऱ्या 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये, म्हणजे निवडक मित्रांनाच दिसतील अशा नेल्या. तो पीतच राहिला. मला मात्र काही दिसेनासं झालं. ती चूक अजून सलते.

मग वाचत बसलो. अमेरिकेत मेगन मोरेनो या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 224 कॉलेज विद्यार्थ्यांची फेसबुक पानं तपासली आणि जागतिक आरोग्य संघटनेची दारूच्या सवयीबद्दलची 10 प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी त्यांच्याकडून भरून घेतली. 2011 साली ते छापून आलं. झिंगल्याच्या, भान हरपल्याच्या पोस्टी टाकणाऱ्यांपैकी 58 टक्के मुलं धोक्याच्या रेषेवर, म्हणजे 8 गुण किंवा जास्त. नुसत्या पिण्याचा उल्लेख करणाऱ्यांत 38. काहीच न टाकणाऱ्यांतही 23! आणि पुढच्या एका अभ्यासात मुलांनीच सांगितलं की ओळखीच्या माणसाने समोर बसून विचारावं, आरोप करू नये.

या वेळी मी त्याला मेसमागे चहाला नेलं. "त्या रात्री रूमवर कसा आलास?" एवढंच विचारलं. त्याचा पहिला प्रश्न, "सर, बाबांना सांगणार?" मी नाही म्हटलं. रमला आपल्याकडे 25 वर्षांची अट, हा 19चा, त्यामुळे पोलिसांचीही भीती. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दिवाळीपासून असं तिसऱ्यांदा झालंय. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला, तर म्हणे, "अनोळखी माणसाशी काय बोलू?"

म्हणून तू ये. एखाद्या शनिवारी. बॅनर, नारळ, व्याख्यान काही नको. एनएसएसच्या आठ-दहा पोरांना घेऊन बस आणि मित्राला कसं विचारायचं, तेवढं शिकव. एकमेकांच्या स्टोऱ्या तेच आधी बघतात.

पहाटेची गाडी पकड, मी स्टँडवर असेन. तो मुलगाही तुला भेटायला तयार आहे, त्याला विचारूनच लिहितोय.

तुझाच,
मित्र