सेल्फ फिरतो, गाडी मात्र सुरू होत नाही

नेरुळ, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी ‘गाडी बंद पडली आहे’ एवढेच बोलले आणि बाबांनी लगेच ‘भंगारात देऊन टाक’ असा निकाल दिला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गाडी आता सुरू आहे. नोंदणीचे दुसऱ्यांदा नूतनीकरण झाल्यामुळे २००४ सालच्या त्या गाडीला २०२९ पर्यंत कागदोपत्रीही कोणी हरकत घेऊ शकत नाही.

गुरुवारी दुपारी वाशीहून येऊन गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर उन्हात उभी केली. अर्ध्या तासाने चावी फिरवली, तर सेल्फ (इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर) दमदार फिरत होता आणि इंजिन मात्र सुरू होत नव्हते. शेजारच्या काकांनी सवयीप्रमाणे बॅटरीला दोष दिला. पण बॅटरी उतरली असती तर सेल्फ रखडला असता किंवा नुसती टकटक झाली असती. टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या झडपा वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) तुटला असेल अशी मला भीती वाटली, परंतु तसे असते तर इंजिनात दाब न राहिल्यामुळे सेल्फ हलका आणि भरभर फिरला असता. येथे नेहमीचा जोर लागत असल्याचे ऐकू येत होते. घाबरून मी बराच वेळ सेल्फ मारत राहिले, ही माझी चूक झाली. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये थांबून तो निवू द्यावा, हे बाबांनीच शिकवले होते.

संध्याकाळी गॅरेजवाला आला, तेव्हा गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. तरीही त्याने टाकी उतरवून पेट्रोलचा पंप बदलावा लागेल असे सांगितले, ते मला पटले नाही. म्हणून शनिवारी मी गाडी मुद्दाम चालवून तापवली, भर दुपारी उन्हात उभी केली आणि ती पुन्हा रुसल्यावर बॉनेट उघडले. इंजिनात ठिणगी पाडणारा एक स्पार्क प्लग काढून पाहिला. इतका वेळ सेल्फ मारूनही तो कोरडा ठणठणीत होता आणि त्याला पेट्रोलचा वासही येत नव्हता; म्हणजे इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचतच नव्हते. (स्पार्क पाहण्यासाठी बाबा पूर्वी प्लगची केबल हातात धरत असत. कृपा करून पुन्हा तसे करू नका, तिच्यात हजारो व्होल्ट असतात.)

मग मागच्या सीटपाशी कान लावून मी सोनूला चावी फक्त ऑनपर्यंत फिरवायला सांगितली. तशी चावी फिरवली की टाकीतला पंप दोनेक सेकंद घुमतो. इतकी वर्षे तो आवाज आपण ऐकत आलो, पण त्याच्याकडे लक्ष गेले ते तो नसल्यावर. फ्यूज शाबूत होता. फ्यूजच्या डब्यात पंपाचा आणि हॉर्नचा रिले (चुंबकाच्या ओढीने वीज जोडणारा छोटा स्विच) अगदी सारखे, एकाच क्रमांकाचे असल्याचे दिसले, म्हणून चावी बंद करून दोन्हींची अदलाबदल केली. पंप घुमला, इंजिन सुरू झाले, आणि हॉर्न दाबला तर तो मुका! सोनूने टाळ्या वाजवल्या.

नवा रिले साडेतीनशे रुपयांना मिळाला. जुन्याचे झाकण उघडले तेव्हा आतले संपर्कबिंदू काळे पडून खड्डे पडलेले दिसले. शिवाय तापल्यावर त्यातल्या तांब्याच्या गुंडाळीचा रोध वाढतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. म्हणून गाडी दुपारी अडत असे आणि संध्याकाळी शहाणी होत असे.

आता बाबांनी मे महिन्यात वाईला जातानाची गोष्ट आठवावी. खोपोलीला जेवून निघताना गाडी तासभर अडली होती. पेट्रोलची वाफ झाली आहे असे सांगून तुम्ही नळीवर ओले फडके ठेवलेत आणि गाडी सुरू झाल्यावर सगळे श्रेय त्या फडक्याला गेले. तो उपाय जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांचा. आपल्या गाडीत पंप टाकीतूनच दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ सहसा अडत नाही. माझ्या मते तेव्हाही हाच रिले तापला होता आणि तासाभरात आपोआप निवला. आईचा चांगला टॉवेल मात्र त्यात कायमचा काळा झाला.

जुना रिले पुडीत बांधून ठेवला आहे. दिवाळीला याल तेव्हा बाबांनी तो आपल्या भिंगाखाली पाहावा आणि मगच भंगाराचा विषय काढावा.

तुमची,
धाकटी